मास्तर सोडून एक माणूस

जून लागला की आमच्या इमारतीच्या जिन्यातून पेढे आणि फॉर्म एकदमच वरखाली करायला लागतात. दार वाजवायचं, आधी हातावर पेढा ठेवायचा, आणि टेकल्यावर पिशवीतून हळूच गुणपत्रिका काढायची, अशी रीतच पडून गेली आहे. लोक माझ्याकडं का येतात ते मला अजून कळलेलं नाही. माझं तोंड चालतं म्हणून असेल, किंवा चहा पाजल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही म्हणून. यंदा खालच्या मजल्यावरची श्रेया आली, सोबत तिची आई. पोरीला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला आणि बोटानं सरकवत वाचून दाखवायला लागली, "काकू, हे बघा, उपग्रह, सौरऊर्जा, दवाखान्यातली किरणं, हवामान, डेटा सायन्स..." यादी संपेचना. आईनं बिचारीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं हो. पण ह्याचं शेवटी होतं काय?"

मला हसूच फुटलं. श्रेया फुगली, तिची आई ओशाळली, आणि मला दोघींना दुसऱ्यांदा चहा पाजावा लागला. पण काय करू? हाच प्रश्न, अगदी ह्याच सुरात, चाळीसएक वर्षांपूर्वी मुकुंदवाडीला आमच्या अंगणात मला विचारला गेला होता. मोबाईल नव्हता, यादी नव्हती. प्रश्न मात्र तोच होता, आणि त्याचं उत्तर द्यायला मला दहा दिवस मिळाले होते.

तेव्हाच्या औरंगाबादचा जून म्हणजे काय सांगू! दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त कुत्री आणि बारावीचा निकाल लागलेली पोरं. नळाला पाणी दिवसाआड. अंगणातला माठ ओल्या फडक्यात गुंडाळलेला, आणि त्या फडक्याचा वास सगळ्या घराला. जालना रोडवरून एखादा ट्रक गेला की धुळीचा पडदा उठायचा आणि बराच वेळ तसाच उभा राहायचा. मुकुंदवाडी तेव्हा धड गाव नव्हती आणि धड शहरही नव्हती. एका बाजूला बाजरीची रानं, दुसऱ्या बाजूला चिकलठाण्याच्या कारखान्यांचे भोंगे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ह्या दोन्ही बाजूंना होते. निम्मी जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्यांना एका कारखान्यात नोकरी लागली. सकाळी सात ते साडेतीन लेथ मशीनवर उभं राहून ते स्कूटरला लागणारे लोखंडी शाफ्ट, म्हणजे गोल दांडे, कापायचे, आणि तिथून आले की उरलेल्या अडीच एकरांत जायचे. त्यांच्या सदऱ्याला मशीनच्या तेलाचा आणि मातीचा असा एकत्र वास यायचा, की मला अजूनही तेल पाजलेल्या कुलपाचा वास आला तरी ते दारात उभे आहेत असं वाटतं.

अण्णांचा एक स्वभाव होता. छापलेल्या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बियाण्याच्या पिशवीवर काय लिहिलंय ते त्यांनी आयुष्यात वाचलं नाही. पेरणीच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सावलीला ठेवायचे, येताजाता पाणी शिंपडायचं, आणि चार दिवसांनी गोणपाट उलगडून किती फुटले ते मोजायचं. मोजायचं काम माझं. मी सहावी-सातवीत असल्यापासून ते करत होते. एकदा कंटाळून मी ऐंशीच्या पुढं अंदाजानंच नव्वद सांगितले, तर अण्णांनी परत सगळे मोजले, सत्त्याऐंशी निघाले, आणि त्या दिवशी मला रानातच बसवून पुन्हा तीनदा मोजायला लावले. माय ओरडत होती, "पोरीला जेवू तर द्या!" पण अण्णा म्हणाले, "आधी मोज."

त्या जूनमध्ये निकाल लागला. मला बरे मार्क होते, बरे म्हणजे गल्लीत पेढे वाटण्याइतके. आणि दोनच दिवसांनी पैठण तालुक्यातून मामा आला, घामानं निथळत, हसत हसत. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यानं माझा डी.एड.चा फॉर्म मला न विचारताच भरलेला होता आणि माझं नाव यादीत लागलेलं होतं. "दोन वर्षं, बस!" मामा म्हणाला. "दोन वर्षांत नोकरी. उन्हाळ्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, पंधरा ऑगस्टला झेंडा. अजून काय पाहिजे बाईच्या जातीला?" पुढच्या शनिवारी दुपारी बाराच्या आत कागद घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा पुढच्याला जाणार. आणि कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालायची शेवटची तारीखही तोच शनिवार. कुणी ठरवून केल्यासारखं.

मी म्हणाले, "मला फिजिक्स शिकायचंय."

का शिकायचंय ते मात्र मला सांगता येईना. आणि जे कारण होतं ते मोठ्या माणसांपुढं सांगण्यासारखं नव्हतं. अकरावीला प्रॅक्टिकलच्या तासाला सरांनी आमच्या हातात एक बहिर्गोल भिंग दिलं होतं आणि खिडकीकडं पाठ करून भिंतीवरच्या कागदावर प्रतिमा पकडा म्हणाले होते. मी भिंग पुढंमागं करत होते, कागदावर नुसता उजेडाचा डाग. आणि एकदम तो डाग आवळला, आणि खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड, पानन्‌पान, रंगासकट, कागदावर उलटं लटकलं. वाऱ्यानं हलतसुद्धा होतं! मी एवढ्या मोठ्यानं हसले की सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. बाहेर जाऊन मी त्याच झाडाखाली उभी राहिले आणि तिथंही हसतच होते. आता सांगा, हे अण्णांना काय सांगणार?

अण्णा खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. मामाचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि म्हणाले, "ह्याचं शेवटी होतं काय?" मी पुस्तकातलं काहीतरी बोलायला लागले तर हातानंच थांबवलं. "पिशवीवर काय लिवलंय ते मला सांगू नको. उगवलेलं दाखव. फिजिक्स शिकलेला आणि त्याच्यावरच पोट भरणारा एक माणूस मला दाखव. एकच. पण मास्तर सोडून. मास्तरच व्हायचं असंल तर तुझ्या मामाचा रस्ता लई सरळ हाय."

मामा खूश झाला. त्याला वाटलं, झालं काम.

माझी मैत्रीण नसीम. तिच्या अब्बांचं गुलमंडीत घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि वरती माळ्यावर आम्हा दोघींची अभ्यासाची जागा. आम्ही निकालाआधीपासूनच बी.एस्सी.ची तयारी सुरू केली होती, म्हणजे आमच्या मतानं. नसीमच्या चुलतभावाचं पहिल्या वर्षाचं जुनं पुस्तक होतं, त्याची पहिली सोळा पानं गायब. आम्ही सतराव्या पानापासून शिकायला लागलो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर डेरिव्हेटिव्ह सोडवायचो, अडलं की एकमेकींना ओरडायचो, आणि खाली वीस-पंचवीस घड्याळं वीस-पंचवीस वेगवेगळ्या वेळा दाखवत टिकटिकत असायची. मराठी शाळेतून आलेल्या आम्ही, इंग्रजी वाक्य आधी मोठ्यानं वाचायचं, मग मराठीत एकमेकींना समजावायचं, आणि मग भांडायचं. नसीमच्या अम्मी सकाळची खिचडी आणि खट्टा वर पाठवायच्या. चिंचेचा तो आंबटढाण खट्टा भुरकत मी वेग आणि त्वरण ह्यांतला फरक शिकले. आजही कुणी त्वरण म्हटलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

अब्बांना आम्ही फिजिक्सचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "अरे, तबीइयात! हम भी पढे ना मॅट्रिक कू. निजाम के टाइम पे उर्दू में पढाते थे." मग सुस्कारा सोडून म्हणाले, "पोलीस ॲक्शन में निजाम गया तो जबान बदल गई. मगर पत्थर तब बी नीचेच गिरता था, अब बी नीचेच गिरता." आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. नसीमचा प्रवेश तेवढ्यातच पक्का झाला. मला इतका हेवा वाटला की मी त्या दिवशी खट्टा परत पाठवला.

नसीम पुढं खरंच त्या वाटेनं गेली. कॅन्सरच्या रुग्णाला किरणं किती द्यायची, कुठल्या कोनातून द्यायची, ह्याचा हिशोब ठेवणाऱ्या माणसांतली ती एक झाली. डॉक्टर तिला विचारून बटण दाबतात. तेव्हा असं काही काम असतं हे गुलमंडीत कुणाला माहीत होतं? आम्हालाच नव्हतं. श्रेयाच्या मोबाईलमध्ये ते एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि तरी तिची आई विचारतेच. मला त्या आईचं चुकलंय असं वाटत नाही. यादीत माणूस दिसत नाही ना.

तर आम्ही माणूस शोधायला निघालो. भर उन्हात, डोक्यावर ओढण्या, एका सायकलवर दोघी. काय काय माणसं भेटली! एका बँकेत एक काका सापडले, चक्क बी.एस्सी. फिजिक्स. आम्ही आनंदानं एकमेकींचे हात दाबले. काका म्हणाले, "बेटा, पंखा बंद पडला की हे लोक मला बोलावतात, तेवढाच माझा आणि फिजिक्सचा संबंध." मी संध्याकाळी अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तो ब्यांकेवर जगतो, फिजिक्सवर नाय. पुढं?" गुलमंडीतलाच एक रेडिओवाला सापडला. तो खरोखर विजेवर आणि लहरींवर जगत होता, कुठलाही मुका रेडिओ बोलता करायचा. पण शिकलेला सातवी. "मग तर शिकायची गरजच नाय," अण्णा म्हणाले. मायनं मध्येच तोंड घातलं, "पोरगी वाळून कोळ झाली, आता एखादा देऊन टाका की तिला माणूस!" जणू काही अण्णांच्या खिशातच होता.

मला राग यायचा. मनात म्हणायचे, अण्णांनी हरवायचं ठरवलंच आहे मला. रात्रंदिवस तेच डोक्यात, आणि शनिवार जवळ येत चाललेला.

बुधवारी आम्ही कॉलेजातल्या फिजिक्सच्या सरांना गाठलं. बाहीला खडूची पावडर, चष्मा कपाळावर, आणि तोच चष्मा टेबलावर शोधत होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "तुझ्या वडिलांचा प्रश्न फार चांगला आहे गं. डॉक्टरच्या दारावर पाटी असते, वकिलाच्या दारावर असते. फिजिक्सवाला कुणाच्या तरी कारखान्यात, दवाखान्यात आत बसलेला असतो, त्याच्या पाटीवर फिजिक्स लिहीत नाहीत. म्हणून दिसत नाही." मग कपाळावरचा चष्मा सापडला, तो डोळ्यांवर घेऊन ते म्हणाले, "तू मुकुंदवाडीची ना? मग तुझ्या शेजारीच आहे की एक. आपला विद्यार्थी, मोहिते. चिकलठाण्याला शाफ्टच्या कारखान्यात माल तपासतो. फार बारीक नजरेचा पोरगा."

मी नसीमला ओढतच बाहेर काढलं.

कारण मोहिते म्हणजे नक्कोसाहेब. आमच्या घरात त्या माणसाचं नाव रोज निघायचं, आणि कधीही धड निघायचं नाही. अण्णांनी मशीनवर कापलेला प्रत्येक शाफ्ट त्याच्या टेबलावर जायचा, तो माप घ्यायचा, आणि पसंत नसला की त्यावर लाल रंगाचा फराटा ओढून "नक्को" म्हणून बाजूला टाकायचा. म्हणून कामगारांनी त्याचं नाव नक्कोसाहेब पाडलं होतं. त्याच आठवड्यात त्यानं अण्णांची एक अख्खी पेटी लाल करून ठेवली होती. अण्णा जेवताना पाण्याचा तांब्या आपटून म्हणायचे, "माझ्या हाताला कळतं वीस मिलिमीटर काय असतं ते! बारा वर्षं झाली. आणि हे कालचं पोरगं मला नक्को म्हणतंय!" अख्ख्या औरंगाबादेत अण्णांना दाखवण्यासारखा एकच माणूस मला सापडला होता, आणि तो हा होता.

"नक्को बोल," नसीम म्हणाली, आणि आम्हाला दोघींनाही हसू आलं. मग ती म्हणाली, "बता दे. झूट बोलके क्या करती? दूसरा कोन है अपने पास?"

गुरुवारी संध्याकाळी मी सांगून टाकलं. अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. "त्यो?" म्हणाले. "फिजिक्सवाला हाय त्यो?" मी मान हलवली. माय चुलीपुढून उठलीच नाही. अण्णांनी घास ताटात परत ठेवला आणि ते एक विचित्र हसू हसले. "बरं सापडलं गं तुला माणूस. मला रोज नापास करणारा."

शुक्रवारी दुपारी साडेतीनला पाळी सुटल्यावर अण्णा घरी आले आणि जेवणाच्या पिशवीतून एक शाफ्ट काढून माझ्यापुढं ठेवला. लाल फराट्याचा. गेटवर झडती होते, लोखंडाचा तुकडासुद्धा बाहेर नेता येत नाही, म्हणून त्यांनी चक्क नक्कोसाहेबाकडून सहीचा पास घेतला होता. "त्याला सांगितलं, पोरीला दाखवायचाय. काय बोलला नाय, सही करून दिली." मग माझ्याकडं बोट करून म्हणाले, "तू बी फिजिक्सवाली ना? मोज. जाडी वीस मिलिमीटर पाहिजे. वीसच्या वर दोन शतांशपर्यंत चालतं. त्यो म्हणतो त्याच्या पुढं हाय. मी म्हणतो नाय. तू सांग."

मोजायला हत्यार कुठं होतं? ते होतं अब्बांच्या दुकानात, घड्याळाच्या दांड्या मोजायचं स्क्रू गेज. आम्हीही त्याच्यावरच शिकलो होतो. धनुष्यासारखा लोखंडी चाप, एका बाजूनं स्क्रू फिरवत न्यायचा, मध्ये वस्तू धरायची, आणि बारीक रेघांवर वाचायचं. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. अण्णांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि तापलेल्या जालना रोडवरून आम्ही गुलमंडीला गेलो. पिशवी हँडलला, शाफ्ट पिशवीत.

अब्बांनी अण्णांना आपलं स्टूल दिलं, पंखा त्यांच्याकडं वळवला, आणि मखमलीच्या डबीतून गेज काढून माझ्या हातात दिला. "बेटी, आराम से." उद्या बारा वाजता माझं जे काय व्हायचं ते ह्या रेघांवर अवलंबून होतं. शाफ्ट धरला, स्क्रू फिरवला, टक् असा आवाज आल्यावर थांबले, वाचलं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. तिन्ही वेळा तेच.

"वीसच्या वर एकच रेघ!" मी ओरडलेच. "बरोबर हाय अण्णा! तुमचं बरोबर हाय!"

अण्णांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मांडीवर थाप मारली, उभे राहिले, परत बसले. "बघा!" अब्बांना म्हणाले. "बारा वर्षांचा हात हाय साहेब! खोटा कसा निघंल?" अब्बांनी समोरच्या हॉटेलात चार चहा सांगितले. अण्णा नसीमला म्हणाले, "तू बी शीक गं बाई, चांगलं हाय हे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जिंकलो होतो आम्ही, तेही दोघं मिळून.

मी गेज डबीत ठेवायला म्हणून रिकामा बंद केला. आणि नसीमनं माझं मनगट धरलं. ती गेजच्या रेघांकडं बघत होती. मीही बघितलं. रिकामा बंद केल्यावर तो शून्यावर यायला पाहिजे. तो शून्य ओलांडून तीन रेघा पुढं जात होता. अब्बांच्या हातात वर्षानुवर्षं वापरून त्याची तोंडं घासली होती. म्हणजे तो प्रत्येक माप तीन रेघा कमी दाखवत होता. मोजायच्या आधी शून्य बघायचं, हा पहिला नियम, अकरावीच्या पहिल्या तासाचा, आणि मी आनंदाच्या घाईत तोच विसरले होते. एक आणि तीन, चार रेघा. दोनच चालतात. नक्कोसाहेबाचं बरोबर होतं.

समोर चहा आलेला. अण्णा बशीत ओतून फुंकर मारत होते, किती तरी दिवसांनी त्यांना असं खुशीत बघत होते मी. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? नसीम तोंड उघडणार नव्हती, हे मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. मला खरंच वाटलं, गप्प बसावं. अगदी मनापासून वाटलं. पण त्या माणसानं मला गोणपाटातले दाणे तीनदा मोजायला लावले होते हो! त्याच्यासमोर बसून मी कसं गिळणार होते ते?

"अण्णा," मी म्हणाले, "चुकलं माझं. ह्याचं शून्य बघितलं नाही मी. हा तीन रेघा कमी दाखवतो. खरं माप चार रेघा वर हाय. तुमचा शाफ्ट... त्यांचं बरोबर हाय."

बशी ओठांपाशी थांबली. अण्णांनी बशी खाली ठेवली, शाफ्ट हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. आणि एकदम त्यांचे डोळे चमकले. "अगं, उन्हातनं आणलाय आपण! तापलाय. फुगला असंल लोखंड!"

मी चाटच पडले. खरं होतं की! लोखंड तापलं की फुगतं, बारावीच्या पुस्तकात एक अख्खा धडा होता त्यावर. मी आणि नसीमनं कॅलेंडरच्या पानामागं तिथल्या तिथं गणित मांडलं. किती तापला असेल, किती फुगेल. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. किती वाटत होतं मला की ते उत्तर दोन रेघा यावं! आलं अर्धी रेघसुद्धा नाही.

"फुगलाय अण्णा," मी हळूच म्हणाले. "पण अर्धीच रेघ. तेवढ्यानं भागत नाही."

अण्णा उठले. शाफ्ट पिशवीत टाकला, अब्बांना सलाम केला, चहा तसाच राहिला. मुकुंदवाडीपर्यंत कॅरिअरवर बसून मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. मला वाटलं, संपलं. बापाला चारचौघांत, तेही दुसऱ्याच्या दुकानात, खोटं पाडलं मी. त्या संध्याकाळी मी डी.एड.चे कागद स्वतःच एका पिशवीत नीट लावून ठेवले. रडत रडत लावले, लपवून काय करायचंय आता.

शनिवारी सकाळी अण्णांनी रजा टाकली. "कागद घे," म्हणाले. बस, तेवढंच. मामाही सायकल घेऊन आमच्या मागून निघाला, खुशीत शीळ घालत. जालना रोड, मोंढा नाका, ऊन वाढत चाललेलं. क्रांती चौकात डावीकडं वळलं की डी.एड.चं कॉलेज, उजवीकडं पैठण गेटच्या रस्त्यानं माझं. चौक आला. अण्णांनी पाय टेकून सायकल थांबवली. मी खाली उतरले. माझ्याच्यानं वर बघवेना.

"मामाला काय सांगायचं ते मी सांगतो," अण्णा म्हणाले. मग खिशातून रुमाल काढून उगाचच मान पुसली. "काल रातभर इचार केला मी. लोखंड फुगलं असंल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हातात धरून धरून कळलंय. पण ते अर्ध्या रेघेपुरतंच हाय बघ. माझ्यापुरतं फिजिक्स तेवढंच." आणि पहिल्यांदाच हसले. "बाकीच्या साडेतीन रेघा तू शिकून ये."

आणि त्यांनी सायकलचं हँडल उजवीकडं वळवलं.